लालासाहेबांच्या रानातलं तण

कृष्णात दिवाळीच्या सुट्टीला घरी आला, पाय धुतले, चहा घेतला आणि बापाला म्हणाला, "तात्या, आपल्या रानात तण किती हाय?"

लालासाहेबांनी हातातली कपबशी खाली ठेवली. कुंडल गावाच्या पलीकडच्या त्या वाडीत हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. तुमच्या घरात चोर किती राहतात, असं विचारण्यातलाच हा प्रकार होता. वाडीत नवी सून आली की सासू तिला आधी देवळात न्यायची आणि मग लालासाहेबांच्या बांधावर उभी करून म्हणायची, "ह्येला भांगलण म्हंत्यात. तणाची काडी हाय का बग." त्या रानात उसाखेरीज दुसरं काही उगवायची हिंमत करत नसे.

"कुनी सांगिटलं तुला? गुंड्यानं?" लालासाहेबांनी विचारलं. वाडीत ज्याच्या त्याच्या रानाला नावं ठेवायचं काम गुंडाच करायचा.

"कुनी न्हाई. कॉलेजात साठ जातीचं तण गोळा कराय लावलंय. वाळवायचं, कागदावर चिकटवायचं, खाली नाव लिवायचं."

"ह्ये शिकाय तुला शेतकी कॉलेजात घातला व्हय?"

"आवं, तण वळखल्याबिगर त्येचा बंदोबस्त कसा करनार?"

"वळखायचं कशापायी? सोयरीक जमवायची हाय? दिसलं की उपटायचं."

लालासाहेबांच्या दृष्टीनं विषय संपला. कृष्णातच्या दृष्टीनं तो संपणं शक्य नव्हतं, कारण घारपुरे सरांनी या संग्रहाला पन्नास गुण ठेवले होते आणि त्यात जो नापास होईल त्याचं वर्ष जाणार होतं. दोन दिवस तो बापाच्या रानात वाकून हिंडला. बांधाबाहेर, वाटेच्या कडेनं कशीबशी चार जातींची रोपं सापडली. पाचवं रोप त्याला उसात दिसलं खरं, पण तो कागद काढेपर्यंत मागून आलेल्या लालासाहेबांनी सवयीनं ते उपटून लांब भिरकावलं होतं.

शेवटी कृष्णात शेजारच्या रानात गेला. ते रान हवालदार आकारामचं. अठरा वर्षं फौजेत काढून दोन वर्षांपूर्वी तो गावी आला होता. चादरीवर एक सुरकुती न ठेवता बिछाना घालावा तर आकारामनं, आणि बुटात तोंड दिसेल असं पॉलिश करावं तर आकारामनं. पण सकाळची कवायत, दाढी आणि पॉलिश उरकून गडी रानात पोचेपर्यंत तण त्याच्या पुढं निघून गेलेलं असायचं. त्याला याची मनातून लाज होती. गेल्या साली गुंडा त्याला पारावर सगळ्यांदेखत म्हणाला होता, "अण्णा, रानात जाताना बंदूक न्या, वाघ असंल." तेव्हापासून आकारामनं पारावर बसणं सोडलं होतं. असा हा मनाला लावून घेणारा माणूस, आणि लालासाहेबांचा ऊस पाणी पीत होता ते याच आकारामच्या विहिरीचं. त्याला कागद नव्हता, करार नव्हता. नुसती लहानपणापासूनची दोस्ती होती.

म्हणून कृष्णातनं तण हा शब्द तोंडातून काढलाच नाही. "अण्णा, तुमच्या रानातल्या वनस्पती कॉलेजला दाखवाय न्याव्या म्हंतो," तो म्हणाला.

"माझ्या रानातल्या?" आकारामची छाती फुगली. "अरं घे की गड्या! किती पायजेत?"

मग तो स्वतः वाकून एकेक उपटून द्यायला लागला. केना, कुरडू, एकदांडी, माका, दुधी, गोखरू, लव्हाळा. कृष्णात नावं लिहीत होता आणि आकाराम प्रत्येक रोप आधी झटकून, सरळ करून, मगच त्याच्या हातात देत होता. सांजपर्यंत शेहेचाळीस जाती भरल्या. उरलेल्या दहा ओढ्याकाठी आणि सडकेला मिळाल्या.

ती सगळी रोपं वर्तमानपत्रांत घालून दाबायची होती. घरात जड असं काही नव्हतं, म्हणून कृष्णातनं ती गाद्यांखाली अंथरली. चार रात्री अख्खं घर त्यावर झोपलं. गोखरू कृष्णातच्या आईच्या, राहीबाईच्या पाठीत शिरला तेव्हा ती माउली फक्त एवढंच म्हणाली, "शिक बाबा, शिक. पर फुडच्या सालाला बिनकाट्याचं काय तरी शिक."

प्रत्येक रोपाखाली चिठ्ठी लावायची होती. शास्त्रीय नाव, गावातलं नाव, पीक आणि शेतकऱ्याचं नाव. कृष्णातनं कॉलेजात जाऊन मन लावून चिठ्ठ्या लिहिल्या आणि शेहेचाळीस वेळा लिहिलं, 'हवालदार आकाराम शिदू पवार.' हवालदार हा शब्द छापील चिठ्ठीत मागितला नव्हता. तो त्यानं आदरापोटी आपल्या पदरचा घातला.

घारपुरे सर त्या संग्रहावर बेहद्द खूष झाले. या माणसाचा तणावर फार जीव; खालच्या शेतकऱ्याच्या नावाकडं त्यांचं लक्षही गेलं नाही. बाकीच्या पोरांनी वीस-पंचवीस जाती आणल्या होत्या आणि एकानं तर कॉलेजच्या बागेतली शेवंती आणली होती. सरांनी जाहीर केलं की जानेवारीत इस्लामपूरला शेतकरी मेळावा आहे, तिथं कृष्णातचा संग्रह पहिल्या टेबलावर मांडायचा. कृष्णातनं त्याच दिवशी घरी पत्र टाकलं. सगळ्यांनी बघायला या, असं हौसेनं लिहिलं.

उत्तर आलं ते आकारामच्या अक्षरात. त्यात नवल नव्हतं. लालासाहेबांनी प्रौढ साक्षरतेच्या वर्गात सहीपुरती अक्षरं गिरवली होती; जगातल्या सगळ्या लिखाणापैकी त्यांना फक्त स्वतःचं नाव वाचता यायचं. त्यामुळं त्या घरची पत्रं आकाराम वाचायचा आणि आकारामच लिहायचा. पत्रात होतं, 'सर्वजण ट्रॉली करून येत आहोत. मी मेडलं लावून येणार आहे, कारण आमच्या रानातील वनस्पती पाहण्यास मोठमोठे लोक येणार असे समजले. गुंडा यासही मुद्दाम सोबत घेत आहे. त्याला दाखवायचे आहे. आनंदाने तुझ्या वडिलांस पाण्याची एक पाळी जादा दिली आहे.'

पत्र वाचता वाचता कृष्णातच्या डोळ्यांपुढं मेळाव्याचा मांडव उभा राहिला. पहिलं टेबल, वर मोठ्या अक्षरात 'तणांचा संग्रह' अशी पाटी, खाली शेहेचाळीस वेळा हवालदार आकाराम, आणि शेजारी गुंडा! ज्या माणसानं हातानं रोपं झटकून दिली त्याचीच आपण इस्लामपुरात जाहीर बेअब्रू मांडली आहे, हे त्याला तेव्हा उमगलं. अण्णा परत कधी बोलणार नाहीत, आणि विहिरीचं पाणी तर त्या दिवसापासूनच बंद.

मेळाव्याच्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी मांडवात शिरला. खिशात गोंदाची बाटली आणि कागदाच्या शेहेचाळीस पट्ट्या. आकारामच्या नावावर पट्टी चिकटवायची आणि वर दुसरं नाव लिहायचं, एवढंच काम होतं. पण दुसरं नाव कुणाचं? गुंड्याचं लिहिलं तर तो काठी घेऊन येईल. केरबाचं लिहिलं तर त्याची सगळी भावकी उठेल. नाव मनचंच घातलं तर वाडीची माणसं विचारतील, हा कोण? आणि जागा कोरी ठेवली तर सर संग्रह बाद करतील. कृष्णातनं सगळी वाडी मनातल्या मनात घरोघर फिरून पाहिली. काहीही झालं तरी आपल्याशी वैर धरणार नाही असा एकच माणूस निघाला. शिवाय त्याला वाचता येत नव्हतं. ट्रॉली येऊन थांबली तेव्हा कृष्णात शेवटच्या पट्टीवर लिहीत होता, 'लालासाहेब गणपती सावंत.'

लालासाहेब नवा फेटा बांधून आत आले आणि पहिल्याच कागदापुढं थबकले. त्यांचे ओठ हलले. बोट अक्षरांवरून सावकाश फिरलं. मग ते दुसऱ्या कागदाकडं गेले, तिसऱ्याकडं गेले, आणि एकदम मागं वळून ओरडले, "आगं, हिकडं ये! माझं नाव हाय!"

"कुठं?" राहीबाई धावली.

"हितं. आन हितं. आन ह्ये बग हितं बी! पोरानं पानापानावर बापाचं नाव घातलंय!"

ते शेजारच्या अनोळखी माणसाचा हात धरून त्याला नाव दाखवायला लागले. मांडवाच्या दारात उभ्या असलेल्या पोलिसालाही आत आणून त्यांनी नाव दाखवलं. "ह्यो मी," ते सांगत होते, "आन त्यो माझा ल्योक." कृष्णात खांबाला धरून उभा होता. त्याला वाटलं, धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

आकारामनं चष्मा लावून वरची पाटी वाचली. मग खालची चिठ्ठी वाचली. नखानं एका पट्टीचा कोपरा उचलला, आतलं 'हवालदार' वाचलं आणि पट्टी अंगठ्यानं पुन्हा घट्ट दाबून बसवली. छातीवरची मेडलं वाजवत तो कृष्णातजवळ आला.

"म्हंजी तण म्हनून मांडलंय व्हय ह्ये?" त्यानं हळूच विचारलं.

"अण्णा, चुकलं माझं."

"माझं झाकलंस ते बरं केलंस. पर त्या गरिबाचं नाव कशाला रं घातलंस? त्येच्याजवळ रानाबिगर दुसरं काय हाय मिरवाय?"

तोच लाउडस्पीकरवर घारपुरे सरांचा आवाज आला. आपल्या विद्यार्थ्याला मोलाची मदत करणाऱ्या श्री. लालासाहेब सावंत यांनी सत्कारासाठी व्यासपीठावर यावं. लालासाहेब फेटा सावरत तरातरा वर गेले. सरांनी हातात नारळ दिला. वाडीच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

"मंडळी," सर कौतुकानं म्हणाले, "माझी वीस वर्षं या विषयात गेली, पण एकाच शेतकऱ्याच्या रानात शेहेचाळीस प्रकारचं तण मी आजपर्यंत पाहिलेलं नाही. तण कसं माजतं हे ज्यांना अभ्यासायचं असेल, त्यांनी यांच्या रानात जावं!"

मागच्या बाजूनं गुंडा फिसकन हसला आणि त्याच्या मागोमाग सगळे हसले. लालासाहेब नारळ धरून तसेच उभे होते. त्यांनी खालच्या टेबलाकडं पाहिलं, मग पोराकडं पाहिलं. थोड्या वेळापूर्वी ज्याच्या त्याच्या हाताला धरून त्यांनी दाखवलेलं ते नाव त्या तणाचा धनी म्हणून लिहिलंय, हे त्यांना आता कळलं होतं.

तेवढ्यात गर्दीतून बूट आपटल्याचा आवाज आला. आकाराम सावधान पवित्र्यात उभा होता. "सायेब! ते तण माझं हाय!"

"आपण कोण?" सर चक्रावले.

"हवालदार आकाराम पवार. शेहेचाळीसच्या शेहेचाळीस जाती माझ्या रानातल्या. लालाच्या रानात औशिदाला बी तण गावायचं न्हाई."

सरांनी कृष्णातकडं वळून पाहिलं. त्यांचा चेहरा कडक झाला होता. "सावंत, चिठ्ठी खोटी आहे का? खोटी असेल तर संग्रह बाद. शून्य गुण. मग वर्ष गेलंच म्हणून समज."

कृष्णात खांब सोडून पुढं आला. आणि मग व्यासपीठावरून लालासाहेबांचा आवाज आला. माईक जवळच असल्यानं तो साऱ्या मांडवात घुमला.

"सायेब, तण माझंच हाय."

"लाला!" आकाराम ओरडला. "खोटं बोलू नगंस!"

"खोटं कशापायी बोलू? आकाराम मिलटरीतला मानूस, सायेब. त्येला शेतीतलं काय म्हाईत? तण व्हाय बी रानात कस लागतो."

"माझ्या रानात तण हाय ते आख्ख्या वाडीला ठावं हाय! गुंडा, सांग की रं! आता का गप?"

गुंडा बिचारा कुणाकडून बोलावं या विचारात तोंड उघडं टाकून राहिला. दोन प्रौढ माणसं जीव तोडून तणासाठी भांडत होती आणि इस्लामपूरचे लोक खुर्च्यांवर चढून बघत होते. शेवटी सरांनी हात वर केला. "भांडू नका. पुढच्या शुक्रवारी मी स्वतः येतो आणि दोन्ही रानं बघतो."

परतीच्या वाटेला ट्रॉलीत नारळ राहीबाईच्या मांडीवर होता. घरी आल्यावर लालासाहेबांनी फेटा खुंटीला अडकवला आणि एवढंच विचारलं, "माझंच नाव का रं घातलंस?"

"दुसऱ्या कुनाचं घातलं असतं तर भांडान झालं असतं, तात्या."

"आन म्या भांडनार न्हाई, असंच न्हवं?"

"व्हय," कृष्णात म्हणाला, आणि म्हणताना त्याला स्वतःचीच किळस आली. बापानं चार शिव्या हासडल्या असत्या, पायातलं काढलं असतं, तर त्याला हलकं वाटलं असतं. लालासाहेबांनी यातलं काही केलं नाही. ते खुरपं आणि टोपली घेऊन आकारामच्या घराकडं गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघं मित्र कामाला लागले. आकाराम आपल्या रानातून तण मुळासकट, मातीच्या गोळ्यासकट काढून द्यायचा आणि लालासाहेब ते आपल्या नुकत्याच लावलेल्या उसाच्या लागणीत नेऊन लावायचे. कोणती जात राहिली हे वही बघून सांगायचं काम कॉलेज बुडवून राहिलेल्या कृष्णातकडं होतं. रोपं दुपारी माना टाकायला लागली, तेव्हा लालासाहेबांनी एकेकाच्या बुडाशी तांब्यानं पाणी घातलं.

"मिरचीच्या तरवातल्या रोपास्नी बी एवढं जपलं न्हाई कवा," राहीबाई पदर डोळ्याला लावत म्हणाली. ती हसत होती की रडत होती, हे कृष्णातला समजलं नाही.

सांजच्याला त्यानं रानावर नजर टाकली आणि कपाळावर हात मारला. "तात्या, आवं तण असं वळीत येत न्हाई! वाकडंतिकडं लावा की!"

लालासाहेबांनी पाहिलं. केना, माका, एकदांडी, सगळं वीत वीत अंतरावर, सरळ रेषेत उभं होतं. "व्हय की," ते ओशाळून म्हणाले. त्यांनी दोन रोपं काढली आणि विचार करून जरा बाजूला लावली. पण मागं सरून बघितल्यावर त्यांना राहवेना, आणि त्यांनी ती पुन्हा ओळीत घेतली. "हाताला तसलं वळानच न्हाई रं," ते म्हणाले.

त्या आठवड्यात वाटेनं जाणारी-येणारी माणसं बांधावर थांबायला लागली. शेहेचाळीस जाती हुडकता हुडकता आकारामचं सगळं रान भांगलून लख्ख झालं होतं. "हवालदारानं रान काय केलंय, बगा!" लोक म्हणायचे आणि मग लालासाहेबांच्या लागणीकडं बघून आवाज खाली आणायचे. एके सकाळी मनुबाईनं आपल्या नव्या सुनेला तिथं आणलं, लालासाहेबांच्या रानावर नजर टाकली आणि काही न बोलता तिला पुढं आकारामच्या बांधावर नेऊन उभं केलं. लालासाहेब तेव्हा उसातच होते. ते तिथंच खाली बसले आणि त्या दोघी दिसेनाशा होईपर्यंत उठले नाहीत. कृष्णातनं हे बांधावरून पाहिलं आणि दुपारची भाकर तशीच बांधून ठेवली.

शुक्रवारी सरांची जीप आली. सरांनी आधी आकारामचं रान पाहिलं आणि तिथं त्यांना एक काडी मिळाली नाही. "काय सांगू सायेब," आकाराम खाली बघत म्हणाला, "मांडवात उगंच खोटं बोलून गेलो. लाला खरा." मग सर लालासाहेबांच्या लागणीत उतरले. वही काढून एकेक जात मोजत सरीतून चालले. मध्येच खाली बसले. तणाच्या बुडाशी केलेलं आळं पाहिलं, ओल्या मातीत उमटलेले बोटांचे ठसे पाहिले, आणि ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. लालासाहेब हात जोडून कडेला उभे होते. त्यांच्या नखांत माती होती.

सरांनी त्यांच्या हातांकडं पाहिलं आणि वही मिटली. "जाती शेहेचाळीस," ते मोठ्यानं म्हणाले. "बरोबर आहेत. येतो आम्ही."

जीपपाशी त्यांनी कृष्णातला बाजूला घेतलं. "पन्नासपैकी अठ्ठेचाळीस," ते म्हणाले. "दोन कापले. तण ओळीत उगवलं म्हणून."

"सर, मी..."

"मला काही सांगू नकोस. तू सांगितलंस तर मला ते लिहावं लागेल." आणि जीप निघून गेली.

कृष्णात रानात परत आला. लालासाहेब सरीत उकिडवे बसले होते. खुरपं हातात होतं, पण तणाला अजून लावलं नव्हतं.

"गेलं का सायेब?"

"गेलं."

"आता उपटलं तर चालंल न्हवं? तुझ्या मार्कांला काय व्हनार न्हाई?"

कृष्णातच्या डोळ्यांपुढचं रान धूसर झालं. बापानं आपल्याच रानातलं तण काढायला पोराची परवानगी मागितली होती. त्यानं मान डोलावली आणि खाली बसला.

"मग बगतोस काय? त्या टोकाकडनं धर," लालासाहेब म्हणाले, आणि त्यांचा हात भराभर चालायला लागला. "बिगीबिगी उरक. सांच्या यष्टीनं मानसं येत्यात रं ह्या वाटनं."